मयुरी श्वास घेते

लक्षण

आधी फक्त आवाज.

हूऽऽऽ. थांबला. हूऽऽऽ. थांबला. मधूनच गुळगुळ, घशात पाणी अडकल्यासारखी.

"आला! श्वास आला!"

"चपला काढा बे, चपला!"

"ढकलू नका हो मागून, लेकरू हाये माह्या कडेवर!"

नांदुऱ्याला स्टेशनकडे जाणारा रस्ता भरदुपारी अडला होता. सगळ्यांना प्रसेनजितच्या फोटो स्टुडिओत शिरायचं होतं. आत, एसीच्या गारव्यात, टेबलावर त्याचा संगणक होता. एक बाजू काचेची, आत दोन काळ्या नळ्या, नळ्यांतून पाणी फिरतं म्हणे, आणि निळे दिवे. लग्नांचे व्हिडिओ जोडायला त्याने तो अकोल्याहून वापरलेला आणला होता. आता त्याच्यापुढे नारळांचा ढीग होता आणि पडद्यावर हिरवा शालू टाकलेला. श्वास सुरू झाला की निळे दिवे लाल होत आणि बाया हात जोडत.

श्वास घेत होती मयुरी. वडनेर भोलजीच्या शेषरावांची धाकटी सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, भाद्रपदात तापाने गेली.

आणि शटरच्या खांबाला पाठ टेकून शेषरावांची थोरली सून उभी होती. कोकिळा. तिला दर्शनाला आणलं नव्हतं. मयुरीला ती दाखवायला आणलं होतं.

हे सुरू झालं दसऱ्यानंतर. मयुरीचा नवरा गोविंदा लग्नाचा व्हिडिओ घ्यायला दुकानात गेला. प्रसेनजितने फाइल उघडली, हळदीतली मयुरी पडद्यावर हसली आणि संगणक धापा टाकू लागला. गोविंदा घरी आला तो पांढराफटक.

"वयनी, शेवटच्या दिशी ते अश्शीच धापा टाकत होती ना?"

कोकिळा म्हणाली, "हाव." कारण ते खरं होतं.

मग दुकानात दुसऱ्या एका लग्नाचा तयार व्हिडिओ लावून पाहिला. यंत्र गप्प. मयुरीचा लावला. धाप. याहून वेगळा पुरावा कोणी मागितला नाही. मागायला हवा होता, पण तो पुढचा भाग.

उपाय, महाराजांचा

तपोनाथ महाराज सातपुड्याच्या अंगाने पांढऱ्या गाडीतून उतरले, हातात लोखंडी चिमटा, आणि बोलायला लागले ते असे, मध्ये श्वास न घेता, तो घ्यायला यंत्र होतंच:

"आत्मा सत्ययुगात हवेत राह्यत होता, द्वापारात पाण्यात, अन् कलियुगात, माई, आत्मा करंटमध्ये राह्यतो, काऊन नाही राह्यणार, मोबाइलमध्ये आवाज राह्यते का नाही, टीव्हीत अख्खा माणूस राह्यते का नाही, मंग मशीनमध्ये आपली पोरगी काऊन नाही राह्यणार, सायन्स हाये हे, सायन्स, अमेरिकावाले आता शोधून राह्यले, आपल्या ऋषीमुनीयनं कवाचंच लिहून ठेवलं, नळी पाहा, ही इडा, ही पिंगला, मधात पाणी फिरते, अन् पाणी म्हणजे काय, पाणी म्हणजे प्राण, बोला, प्राण!"

"प्राण!" गर्दी म्हणाली.

नियम त्यांनीच घातले. मेलेल्या सुवासिनीचं तोंड चारचौघांत उघडं पडू नये म्हणून पडद्यावर शालू. सेवेला प्रसेनजित शेजारी, त्याचा हात शालूच्या काठाखाली. महाराज विचारतील. खरं असेल तर मयुरी श्वास घेईल.

"मयुरी, बाई, तुले देवाच्या मर्जीनं ताप आला?"

काही नाही.

"कोणी केलं?"

चिमटा. छन्न. हूऽऽऽ.

"बाहेरच्यानं?"

काही नाही.

"घरच्यानं?"

छन्न. हूऽऽऽ.

"कोकिळा?"

छन्न. हूऽऽऽ. गुळगुळ. लाल.

गर्दी एका पावलाने मागे सरली आणि कोकिळेभोवती मोकळी जागा झाली. त्या जागेत ती एकटी. शेषराव तिच्याकडे न बघता महाराजांना म्हणाले, "पुढचं सांगा."

पुढचं असं. अवसेला भरदुपारी, वडनेरला, शेषरावांच्या अंगणात, गावासमोर मयुरीला शेवटचं विचारायचं. तिने श्वास घेतला तर कोकिळेचे केस कापायचे, तोंडात राख भरायची आणि शिवेबाहेर काढायचं. माहेर सोनाळ्याला, तिकडे जाईल नाहीतर कुठेही. तिची सहा वर्षांची आरोही मात्र घरातच राहील.

"करणी करणारीच्या हाती लेकरू देत नसतात, माई," महाराज मऊ आवाजात म्हणाले.

कोकिळेने नवऱ्याला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबा म्हणतात तसं कर. मले सुट्टी नाही."

लक्षण, जवळून

घरात कोणी तिच्या हातचं पाणी घेईना. सासू मनकर्णाबाई आरोहीला आपल्या खाटेवर घेऊन बसायची. कोकिळा चुलीपाशी बसून तो आवाज मनात पुन्हा पुन्हा ऐकायची, आणि ऐकता ऐकता तिला आठवायचं: उन्हाळ्यात नळावरून भांडण झालं होतं. आपण म्हणालो होतो, मर एकदाची. ते कोणी ऐकलं असेल? मरणानेच ऐकलं असेल तर?

माणसाला आपण गुन्हेगार आहोत असं पटवायला फार लोक लागत नाहीत. घरचे चारजण पुरतात.

पण तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती आणि ती गोष्ट तिला सोडत नव्हती. दुकानात, प्रश्नोत्तरं सुरू होण्याआधी, महाराज बसायला वाकले तेव्हा चिमटा चुकून नारळाच्या ताटाला लागला होता. छन्न. प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तरी शालूचा काठ हलला, जिथे प्रसेनजितचा हात होता तिथे.

आणि मयुरीने श्वास घेतला.

तपास

नांदुऱ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या चारुलता मॅडमच्या दारात कोकिळा उभी राहिली तेव्हा मॅडमनी तिला लगेच ओळखलं. बारावीला मावशीकडे राहून ती त्यांच्या वर्गात होती. नंतर लग्न झालं.

"मॅडम, मले वाटते म्याच केलं असंन."

"बस. चहा घे. आणि काय बघितलंस ते सांग. काय वाटलं ते नको."

कोकिळेने ताटाचं सांगितलं, चिमट्याचं सांगितलं, शालूच्या काठाचं सांगितलं. मॅडमनी चप्पल घातली.

दुपारच्या जेवणानंतर महाराज कुठेतरी वामकुक्षीला जात. प्रसेनजित एकटा दुकानात होता. मॅडमना बघून तो उठून उभा राहिला. त्यानेही बारावी तिथेच केली होती, कशीबशी.

"मयुरीचा व्हिडिओ तयार झालाय का रे?"

"नाही मॅडम. कॅमेऱ्यातला कच्चा माल हाये तसाच. नवीन कॅमेरा हाये, फाइल लय जड येते. वरून म्या फुलंबिलं उडवलेली, इफेक्ट."

"तसंच दुसरं एखादं कच्चं लग्न आहे? लाव बरं."

त्याने लावलं. वर शालू नव्हता, चिमटा नव्हता, महाराज नव्हते. कोणीतरी अनोळखी नवरी पडद्यावर उखाणा घेऊ लागली.

हूऽऽऽ.

प्रसेनजितच्या तोंडाचं पाणी पळालं. "मॅडम, हे पोरगी तर जित्ती हाये! कालच फ्रेम घेऊन गेली!"

"मग ती कोणत्या नळीतून आली? इडेतून का पिंगलेतून?"

तो खुर्चीत बसला. मग सांगून टाकलं. चिमटा एकदा वाजला की शालूखाली व्हिडिओ चालू, आवाज बंद करून. पुढचा प्रश्न आला की थांबवायचा. मशीनला जोर पडला की ते तापतं, पंखे पळतात, एवढं त्याला माहीत होतं.

"महाराज म्हनले, हे फसवणूक नाही. आत्म्याच्या तोंडावरचा पदर सारणं हाये, बस."

"आणि तुला काय वाटलं?"

"म्या ठरवलं, आपल्याले काही वाटू द्यायचं नाही."

कोकिळा पुढे झाली. "प्रसेनजितभाऊ, अवसेला माहे केस कापून राह्यले. माही पोरगी घेऊन राह्यले. तुमी हेच गावापुढं सांगसान?"

त्याने माउस बाजूला सारला. "मले मारतीन, ताई. सांगणं नाही होत. पण म्या बटन नाही दाबत. तेवढं करतो."

तेवढं पुरेल असं मॅडमना वाटलं. बटन नाही तर जोर नाही, जोर नाही तर श्वास नाही. मग आपण पुढे होऊन समजावून सांगू. पोलीस ठाण्यात एक अर्जही देऊन ठेवू. दोघी निर्धास्त होऊन परतल्या.

चूक इथे झाली. युक्ती सापडली होती. आजार सापडला नव्हता. तयार व्हिडिओवर गप्प राहणारं यंत्र कच्च्यावर इतकं का धापावं, आणि एकसारखं न घोंघावता थांबून थांबून का, हे कोणी विचारलं नाही.

लक्षण वाढतं

अवस. घरोघर लक्ष्मीपूजनाची तयारी, या घरात यंदा दिवाळी नाही.

अंगण भरलेलं. भिंतीवर पोरं, भिंतीपलीकडे ट्रॅक्टरवर माणसं. यंत्र गोधडीत गुंडाळून टेम्पोतून आणलं होतं आणि पत्र्याच्या छपरीखाली मांडलं होतं. पत्रा तापून टकटकत होता. न्हावी कात्री-ब्रश घेऊन कोपऱ्यात बसला होता, कोणाकडे बघत नव्हता. परातीत राख. आतल्या खोलीतून आरोहीचं रडणं येत होतं, मग येईनासं झालं.

चारुलता मॅडम बायांच्या मागे उभ्या होत्या. अर्ज देऊनही ठाण्यातून कोणी आलं नव्हतं.

"मयुरी! शेवटचं विचारतो! तुले खाणारी, कोकिळा?"

छन्न.

प्रसेनजितने शालूखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि डोक्यावर ठेवले.

काही नाही.

गर्दीत कुजबुज. महाराजांनी चिमटा पुन्हा आपटला, जोरात. काही नाही. शेषरावांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मॅडम बोलायला एक पाऊल पुढे आल्या.

हूऽऽऽ.

थांबला.

हूऽऽऽ.

"म्या नाही दाबलं!" प्रसेनजित किंचाळला. "मॅडम, म्या नाही दाबलं!" त्याने शालू ओढून काढला. पडद्यावर काही चालू नव्हतं. नुसतं दुकानाचं नाव. आणि खाली यंत्र धापत होतं, लाल होत होतं, त्याच्या घशात पाणी गुळगुळत होतं.

सगळ्या अंगणात सर्वांत जास्त कोण भ्यालं असेल? तपोनाथ महाराज. कारण त्या यंत्रात कधीच कोणी नव्हतं, हे पहिल्यापासून खात्रीने माहीत असलेला तो एकच माणूस होता. चिमटा त्यांच्या हातून गळला. ते मागे सरले, खांबाला आपटले, मग भानावर आले.

"पाहा! आता तर बिना..." पुढचं त्यांनी गिळलं.

गर्दीला तेवढंच पुरलं.

"धरा तिले!"

कोणाचा तरी हात कोकिळेच्या केसांत शिरला. आणि कोकिळेला आतून वाटलं, खरंच. मीच. मयुरी आली.

झाकण

केसांनी ओढलं तेव्हा तिचं तोंड यंत्राच्या अगदी जवळ आलं. पंखे जीव खाऊन ओरडत होते. यंत्राच्या वरच्या जाळीवर शालूचा एक सुटलेला जरीचा धागा लोंबत होता.

धागा हलत नव्हता.

दर चैत्रात ती घरचा कूलर खाली काढून धुवायची. वऱ्हाडातल्या कोणत्या बाईला हे सांगावं लागतं? पंखा गरगरतो आणि हवा येत नाही, म्हणजे गवताच्या जाळीत माती बसली. मोटर गुळगुळते, म्हणजे पाणी कमी झालं, नळीत हवा शिरली. त्यात कोणी मेलेलं नसतं.

तिने केसांतला हात झिडकारला आणि आपला तळवा यंत्राच्या डोक्यावर ठेवला. गर्दीने श्वास रोखला.

"मॅडम!" ती ओरडली. "पंखा एवढा बोंबलून राह्यला, अन् वर हवाच नाही ना येऊन राह्यली!"

मॅडमनी आधी तिच्या तळव्याकडे पाहिलं. मग गर्दी सारत पुढे आल्या. "प्रसेनजित, दसऱ्याला याची पूजा केलीस?"

"हाव. दरसाल करतो. मशीनची करावंच लागते."

"हार कुठे घातलास?"

"वरतं. जाळीवर. झेंडूचा, मोठ्ठा. वाळेपर्यंत राहू देला. हळद, बुक्का वाह्यला, तेल शिंपडलं."

"बंद कर. झाकण काढ."

"हात लावू नका!" महाराज गरजले. "प्राण निघून जाईन!"

"मग बघू या कसा दिसतो," मॅडम म्हणाल्या.

यंत्र बंद झालं. स्क्रू निघाले. जाळी उचलली. खाली पातळ पात्यांची एक चौकट होती, नळ्यांतलं गरम पाणी जिच्यात येऊन निवतं ती. पाती दिसतच नव्हती. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, त्यांच्यात तेल, तेलात हळद आणि बुक्का, असा एक घट्ट थर तिच्यावर बसला होता, गोधडी पांघरल्यासारखा. मॅडमनी न्हाव्याकडे हात केला. त्याने काही न विचारता ब्रश दिला. बहुधा त्याला तो दुसऱ्या कामाला वापरायचाच नव्हता.

थर सोलून निघाला. यंत्र चालू केलं. वरून गरम हवेचा झोत उठला आणि उरलेला बुक्का पुढच्या रांगेतल्यांच्या तोंडावर उडाला. लाल दिवे हळूहळू निळे झाले.

पण श्वास पुरता थांबला नाही. हू. थांबला. हू.

"अजून हाये!" कोणीतरी कापऱ्या आवाजात म्हणालं. "अजून हाये ते!"

"आहे," मॅडम म्हणाल्या. "अजून एक दोष आहे. प्रसेनजित, पंख्यांची सेटिंग दाखव."

पडद्यावर एक रेघ आली. बरीच लांब आडवी, आणि मग एकदम भिंतीसारखी सरळ वर.

"ही कोणी ठेवली?"

"पहिलेपासून अशीच हाये. म्या कवा पाह्यलीच नाही."

"सगळ्यांनी बघा. हा पंख्याला दिलेला हुकूम आहे. अमुक एवढा ताप होईपर्यंत झोप काढ, त्याच्या वर जरा गेला की जीव घेऊन पळ. दुकानात एसी होता, तेव्हा जड व्हिडिओ लावल्याशिवाय ताप त्या हद्दीला पोचत नव्हता. इथे ऊन आहे, पत्रा आहे, वर झेंडूची गोधडी होती. नुसतं बसल्या बसल्या हद्दीवर आलं. पंखा पळाला की निवतं, निवलं की पंखा झोपतो, झोपला की पुन्हा तापतं. तुम्ही ज्याला हात जोडले तो श्वास एवढाच. गुळगुळ होती ती नळीतल्या पाण्यात शिरलेल्या हवेची."

त्यांनी रेघेतली ती भिंत पाडून तिचा चढ केला, हळूहळू चढणारा. ताप जरा वरखाली झाला की पंख्याने लगेच उड्या मारू नयेत म्हणून थोडा उशीरही लावून दिला.

हू... आणि मग एकच बारीक, सलग घूं. भिंतीवरचं घड्याळ चालावं इतकी साधी.

दुरुस्ती

"आता नावं घ्या," मॅडम म्हणाल्या.

कोणी घेईना. मग त्यांनीच घेतली. "कोकिळा." घूं. "शेषराव." घूं. "तपोनाथ महाराज." घूं. भिंतीवरचं एक पोरगं म्हणालं, "झेंडू!" घूं. हसू फुटलं आणि लगेच विझलं.

प्रसेनजितने उठून, अंगणाकडे तोंड करून चिमट्याचं सगळं सांगितलं. मग त्याने मयुरीचा व्हिडिओ लावला. हळदीतली मयुरी हसली. घूं जरा मोठी झाली आणि तिथेच राहिली. गोविंदा खाली बसून रडायला लागला, भुतासाठी नाही, बायकोसाठी.

"ताप आल्यावर तिला कुठे नेलं होतं?" मॅडमनी विचारलं.

दारातून मनकर्णाबाई म्हणाल्या, "महाराजाच्या मठात."

"रक्त तपासलं?"

"ते म्हनले, सुई टोचली का आत्मा निंघून जाते."

मठातून दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, डेंग्यू आहे, फार उशीर केला. हे सगळ्या घराला माहीत होतं. दोष ठेवायला कोणीतरी दुसरं मिळालं, आणि ज्याच्याकडे बोट जायला हवं होतं त्यानेच ते धरून कोकिळेकडे वळवलं. आता सगळ्यांनी वळून पाहिलं तेव्हा खांबाजवळ कोणी नव्हतं. मागच्या बोळात गाडी चालू झाल्याचा आवाज आला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली आहे, खटला उभा राहायचा आहे. तोवर ते दुसऱ्या कुठल्या तालुक्यात दुसरं यंत्र शोधत असतील.

ते तुमच्या गावात आले तर एवढंच करा. आवाज कुठून येतो ते बघा. झाकण काढा. हात लावा. जेव्हा चमत्कार घडतो तेव्हा कोणाचे हात झाकलेले आहेत ते बघा. एक युक्ती सापडली म्हणून थांबू नका, उरलेल्या आवाजाचंही कारण शोधा. आणि ताप आला तर रक्त तपासा, त्याच दिवशी.

शेषराव काठीवर भार देऊन उठले. "सूनबाई, आता मशीननंच सांगतलं, तुही चूक नाही."

"मामाजी," कोकिळा म्हणाली, "मशीननं काही नाही सांगतलं. तवाबी नाही, आताबी नाही. त्याच्यात पंखा हाये अन् पाणी हाये. तुमी पंख्याले विचारलं, चिमट्याले विचारलं, महाराजाले विचारलं. मयुरी तापानं फणफणत होती, तवा डॉक्टरले नाही विचारलं. अन् मी रोज तुमच्या ताटात भाकर वाढत होती. मले काऊन नाही विचारलं?"

शेषराव पुन्हा खाली बसले.

तिने आतल्या खोलीची कडी काढली, आरोहीला कडेवर घेतलं आणि दुपारच्या बसने सोनाळ्याला गेली. कोणी काढलं म्हणून नाही, स्वतःहून. परत केव्हा येणार ते तिने सांगितलं नाही. ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने जाऊन तिलाच विचारावं.